संध्याकाळी सातला साइट बसते: डेटाबेसमुळे सर्व्हरवर लोड येतो तेव्हा काय काय तपासायचं

आमच्या तालुक्याच्या बाजारभावाच्या साइटचं दुखणं दिवाळीच्या आगेमागे हमखास वर येतं. सोयाबीनची आवक जोरात असते, कापूस घरात यायला लागलेला असतो. बाजार समितीतला हर्रास आटोपला की कोणीतरी भाव टाकतं, लिंक गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरते आणि माझा फोन वाजतो. "भाऊ, रेट काहून नाही दिसून राहिले? नुसतं गोल गोल फिरून राहिलं."

ही साइट मी सहा वर्षांपासून सांभाळतो. शिवाय एका समाजाची वधू-वर सूचक साइट आणि एका वाचनालयाची साइट गळ्यात पडलेली आहे. तिन्ही वर्डप्रेसवर (साइट चालवायचं तयार सॉफ्टवेअर; मजकूर डेटाबेसमध्ये ठेवतं आणि कोणी मागितलं की त्यातून पान बांधून देतं), तिन्ही स्वस्तातल्या होस्टिंगवर, आणि तिघींचं दुखणं फिरून फिरून तेच. ज्या क्रमाने मी आता तपासतो, त्याच क्रमाने लिहितो: फुकटातलं आधी, डोकं आणि पैसा लागणारं शेवटी.

लक्षणं

सगळ्यात ओळखीचं म्हणजे पांढऱ्या पानावर 'एरर एस्टॅब्लिशिंग अ डेटाबेस कनेक्शन' ही एकच ओळ. दोन मिनिटं दिसते, साइट आपोआप येते, पुन्हा जाते. कधी पान उघडतं, पण तीस-चाळीस सेकंद घेतं आणि शेवटी ५०३ किंवा ५०४ क्रमांकाची एरर तोंडावर मारतं. कधी 'टू मेनी कनेक्शन्स'. शेअर्ड होस्टिंगवर (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट) '५०८ रिसोर्स लिमिट इज रीच्ड' आलं तर समजा, की तुमच्या खात्याला आखून दिलेली मर्यादा संपली. शेजारच्यांच्या साइट मजेत चालू असतात.

एक लक्षण लोक फोन करून सांगत नाहीत, ते आपणच पाहावं लागतं. पाहुण्यांना पान झटकन दिसतं, पण आपण लॉगिन केलं की अ‍ॅडमिनचं पान उघडेपर्यंत चहा होतो. म्हणजे वरून कॅशेने (आधीच बांधून ठेवलेल्या पानांच्या साठ्याने) झाकलंय आणि खाली डेटाबेस धापा टाकतोय. ही साइट आज ना उद्या बसणार.

वेळ हेही लक्षणच. रोज ठरलेल्या वेळी बसते, की भाव टाकल्याबरोबर, की केव्हाही? मी एका जुन्या वहीत तारीख, वेळ आणि दिसलेली एरर लिहून ठेवतो. आठ दिवसांच्या नोंदी झाल्या की निम्मं निदान वहीतच सापडतं.

रीस्टार्ट मारायच्या आधी

पहिली दोन वर्षं मी फोन आला की सर्व्हर रीस्टार्ट करायचो. साइट यायची, मी मोकळा. मग एक जीबीचा प्लॅन दोनचा केला, दोनचा चारचा. वर्गणीचे पैसे गेले, सातचं दुखणं तिथंच. एका कास्तकार काकांना समजावत होतो, की लोड येतो म्हणून मोठा सर्व्हर घ्यावा लागतो. ते म्हणाले, "डीपीवर लोड आला म्हणून नवी डीपी बसवाची का? कोणाच्या मोटरीचं वाइंडिंग गेलं ते पाय ना आधी."

खरं होतं. रीस्टार्ट केलं की त्या क्षणी कोणती क्वेरी (डेटाबेसकडे केलेली मागणी) अडून बसली होती, तो पुरावाच पुसला जातो. म्हणून साइट बसलेली असताना पाच मिनिटं शिव्या खा, पण आधी बघा. प्रोसेस लिस्टचा (डेटाबेसमध्ये त्या क्षणी काय चालू आहे त्याची यादी, कशी बघायची ते खाली आहे) एक स्क्रीनशॉट घेतला की मग खुशाल रीस्टार्ट करा.

साइट गेली की डेटाबेस गेला?

मोबाइलवर खासगी विंडो उघडून साइटच्या लोगोचा थेट पत्ता टाका. लोगो पटकन दिसला आणि मुखपृष्ठ मात्र लटकलं, तर नेट आणि वेब सर्व्हर ठीक आहेत. दोष पीएचपीत (वर्डप्रेस ज्या भाषेत चालतं तिच्यात) किंवा डेटाबेसमध्ये. लोगोही आला नाही तर पुढचं काही वाचू नका. डोमेनची मुदत संपली का, होस्टिंगचं बिल राहिलं का, हे बघा. हसू नका, वाचनालयाच्या साइटचं एकदा हेच निघालं होतं आणि मी तासभर डेटाबेस उकरत बसलो होतो.

लगेच डिस्क बघा. कंट्रोल पॅनलमध्ये दिसते, स्वतःचा सर्व्हर असेल तर 'डीएफ -एच' ही आज्ञा. डिस्क शंभर टक्के भरली की मायएसक्यूएल (डेटाबेस सांभाळणारा प्रोग्रॅम) बहुतेक वेळा मरत नाही. लिहिणं थांबवून, जागा झाली का हे मिनिटामिनिटाला बघत बसतो, आणि मागे रांग लागत जाते. बाहेरून ते हुबेहूब लोड आल्यासारखं दिसतं. मायएसक्यूएल ८ मध्ये बायनरी लॉग (डेटाबेसमधल्या बदलांची नोंद) मुळातच चालू असतो आणि ३० दिवसांचा साठा ठेवतो. छोट्या डिस्कवर हीच अडगळ होते. हे लॉग हाताने डिलीट करू नका, 'पर्ज बायनरी लॉग्ज' ही आज्ञा त्यासाठीच आहे. आणि 'आयबीडेटा१' नावाची मोठी फाइल दिसली म्हणून जागेच्या लोभाने तिला हात लावाल, तर सगळा डेटाबेस हातचा जाईल.

प्रोसेस लिस्ट

पीएचपीमायअ‍ॅडमिन (ब्राउझरमधून डेटाबेस बघायचं साधन) उघडा, 'स्टेटस'मध्ये 'प्रोसेसेस', किंवा 'शो फुल प्रोसेसलिस्ट' अशी क्वेरी चालवा. शेअर्ड होस्टिंगवर फक्त आपल्या खात्याच्या ओळी दिसतात, तेवढ्या पुरतात. यात 'टाइम'चा रकाना आधी बघायचा. एकच ओळ चारशे सेकंदांपासून चालू आहे आणि बाकीच्या सगळ्या 'वेटिंग फॉर टेबल लेव्हल लॉक' म्हणताहेत, म्हणजे टेबलाचं कुलूप निघायची वाट बघताहेत? मग गुन्हेगार ती एकटी आहे. त्या ओळीचा आयडी आकडा घेऊन 'किल' केलं की रांग हलते. मात्र ती बॅकअप किंवा टेबल दुरुस्तीची ओळ असेल तर किल करू नका, संपू द्या.

सगळ्या ओळी 'स्लीप'मध्ये असतील आणि साइट तरीही अडली असेल, तर डेटाबेस बिचारा रिकामा आहे. पीएचपी बाहेरच्या कशाची तरी वाट पाहतंय आणि कनेक्शन धरून बसलंय. आमच्याकडे हवामानाचं विजेट होतं. ज्या सर्व्हरवरून ते पाऊस आणायचं तो थकला, की आमची साइट बसायची. विजेट काढलं, पाऊस तसाही सांगून येत नाही.

आणि एकाच क्वेरीच्या ढीगभर ओळी दिसल्या, तर ती क्वेरी अख्खीच्या अख्खी उतरवून घ्या. मी एकदा भाव बसले तेव्हा बस स्टँडजवळच्या टपरीवर उभा राहून फोनवर पाहिलं होतं. अडतीस ओळी, त्यातल्या पस्तीस एकाच तोंडाच्या: आजचे भाव द्या, आजचे भाव द्या. तिचं पुढे काय केलं ते खाली इंडेक्सपाशी सांगतो.

ठरावीक वेळी बसते तेव्हा

वाचनालयाची साइट रोज सकाळी सातला अडायची. त्या वेळी तिथं काळं कुत्रं फिरकत नाही. बॅकअप लावणाऱ्याने रात्री दीडची वेळ दिली होती, पण सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर. आपण साडेपाच तास पुढे, म्हणजे सर्व्हरचा दीड तो आपला सकाळचा सात. रात्री होणारं काम दिवसाढवळ्या चालू होतं, आणि 'मायएसक्यूएलडंप' (बॅकअप घेणारा प्रोग्रॅम) साध्या पद्धतीने चालवला की डंप संपेपर्यंत टेबलं लॉक करून ठेवतो. टेबलं इनोडीबी या प्रकारची असतील तर त्याला 'सिंगल-ट्रान्झॅक्शन' हा पर्याय द्या, म्हणजे लॉक न लावता बॅकअप होतो. घड्याळाचं गणित कागदावर मांडा. त्याला खर्च शून्य.

वर्डप्रेसचं स्वतःचं क्रॉन (ठरलेली कामं आपोआप करणारी सोय) हाही असाच छुपा भिडू. ते घड्याळावर चालत नाही. कोणी पान उघडलं की 'काही काम बाकी आहे का' म्हणून बघतं. गर्दीत नेमकं तेव्हाच ईमेल पाठवणं, जुना कचरा झाडणं सुरू होतं. 'डब्ल्यूपी-कॉन्फिग' फाइलमध्ये 'डिसेबल_डब्ल्यूपी_क्रॉन' ट्रू करा आणि होस्टिंगच्या पॅनलमधून दर पंधरा मिनिटांनी खरं क्रॉन लावा. पहिलं करून दुसरं विसरलात, तर ठरवून ठेवलेल्या पोस्ट प्रसिद्धच होणार नाहीत. मी विसरलो होतो.

भाव टाकल्याबरोबर बसते तेव्हा

माझ्या मते छोट्या साइटांवर सगळ्यात जास्त वेळा घडणारं आणि सगळ्यात कमी वेळा ओळखलं जाणारं कारण हे आहे. कॅशे प्लगइन लावलेला असतो, म्हणून आपण निर्धास्त. पण बऱ्याच प्लगइनची सवय अशी, की पोस्ट बदलली की अख्खा कॅशे पुसून टाकायचा. भाव टाकणाऱ्याने 'अपडेट' दाबलं, त्या क्षणी तयार पानं गेली. त्याने लगेच लिंक ग्रुपवर टाकली. पुढच्या मिनिटात दोनशे जण आले, आणि तयार पान नाही म्हणून प्रत्येकासाठी डेटाबेसमधून पान नव्याने बांधणं सुरू झालं. कॅशे असून नसल्यासारखा, तोही नेमका गर्दीच्या मिनिटाला.

उपाय दोन. प्लगइनमध्ये 'फक्त संबंधित पान पुसा' आणि 'प्रीलोड' (पुसलेली पानं आधीच बांधून ठेवणं) या सोयी असतील तर त्या लावा. दुसरा आमच्याकडे जास्त कामी आला. भाव टाकणाऱ्या पोराला सांगितलं, "अपडेट केलं की आधी खासगी खिडकीत स्वतः पान उघडून पाय, पूर्ण आलं की मगच लिंक टाक." खासगी विंडो यासाठी, की लॉगिन केलेल्या माणसाला सहसा कॅशेतलं पान दिलंच जात नाही, त्याने दहादा उघडलं तरी कॅशे तयार होत नाही. एवढ्या एका सवयीने दहातली सात-आठ बोंबाबोंब थांबली.

पेज कॅशे मुळातच लावलेला नसेल, तर हे वाचणं थांबवून आधी तो लावा.

माणसं की बॉट?

अ‍ॅक्सेस लॉग (कोणी कधी काय मागितलं त्याची नोंद) उघडून कोणता पत्ता सारखा येतोय ते बघा. 'डब्ल्यूपी-लॉगिन' आणि 'एक्सएमएलआरपीसी' या दोन फाइलींवर पासवर्ड ठोकून बघणारे बॉट (आपोआप चालणारे प्रोग्रॅम) कायम असतात. दुसरी आपण वापरत नसू, म्हणजे मोबाइल अ‍ॅप वगैरे तिच्यावर चालत नसेल, तर बंदच करा. शोधपानावर धडकणारे बॉट जास्त महाग पडतात. वर्डप्रेसचा शोध शीर्षक आणि मजकूर यांत 'लाइक'च्या दोन्ही बाजूंना टक्के लावून शब्द हुडकतो. अशा शोधाला इंडेक्सचा (पुस्तकाच्या सूचीसारख्या सोयीचा) उपयोग होत नाही, दर वेळी सगळा मजकूर चाळला जातो. शोधपान 'रोबॉट्स' फाइलीत बंद केलं की सभ्य बॉट ऐकतात. असभ्यांसाठी समोर फुकटातलं सीडीएन (आपल्या सर्व्हरच्या पुढे उभं राहून पानं वाटणारी सेवा) घ्या आणि तिथं मर्यादा लावा.

शोभेचे प्लगइन

'हे पान इतक्या जणांनी पाहिलं' हा आकडा समितीला फार आवडतो. पण साधा काउंटर प्रत्येक भेटीला डेटाबेसमध्ये लिहितो. टेबल जुन्या मायआयसॅम प्रकारचं असेल तर प्रत्येक लिखाणाला अख्खं टेबल लॉक होतं. इनोडीबीत फक्त ती ओळ. मायएसक्यूएल ५.५ पासून नवी टेबलं मुळातच इनोडीबी होतात, पण जुन्या साइटवरून उचलून आणलेली टेबलं तशीच मायआयसॅम राहतात. पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये टेबलाच्या नावापुढे 'टाइप' लिहिलेला असतो. बॅकअप घेऊन रात्री बदलून टाका.

वधू-वर साइटच्या मुखपृष्ठावर दर वेळी वेगळी बारा स्थळं दिसायची. छान वाटायचं. आत होतं 'ऑर्डर बाय रँड', म्हणजे बारा स्थळं निवडायला सगळ्याच्या सगळ्या नोंदींना एकेक चिठ्ठी द्यायची, चिठ्ठ्या क्रमाने लावायच्या आणि वरच्या बारा घ्यायच्या, तेही प्रत्येक पाहुण्यासाठी. तुळशीचं लग्न लागलं की स्थळं बघणारे वाढतात आणि साइट आडवी. आता तासातून एकदा बारा स्थळं निवडून ठेवतो. तक्रार एकच आली: "आमच्या पोराचा फोटो तासभर काहून नाही आला?"

प्लगइन बंद करून बघायचे तर एकेक करून, मध्ये एक दिवस सोडून. एकदम सहा बंद केले तर साइट सुधारेल, पण कशाने ते कळणार नाही.

वर्डप्रेस ६.६ किंवा पुढचं असेल तर 'साधने'मधलं 'साइट हेल्थ' बघा. काढून टाकलेले प्लगइन ऑप्शन्सच्या टेबलात आपला पसारा सोडून जातात आणि तो प्रत्येक पानाला आपोआप वाचला जातो. हा पसारा ८०० केबीच्या वर गेला की तिथं इशारा मिळतो. कोणती ओळ कोणाची हे नक्की माहीत असेल तरच पुसा.

इंडेक्स

आता त्या पस्तीस ओळी. भावांच्या टेबलात सात बाजार, नऊ पिकं, सहा वर्षं, अशा लाखाच्या वर ओळी आहेत. तारखेच्या रकान्यावर इंडेक्स होता, मी स्वतः लावलेला. तरी क्वेरी रखडत होती. क्वेरीच्या आधी 'एक्स्प्लेन' लिहून चालवली तर 'टाइप'खाली आलं 'ऑल'. म्हणजे सगळ्या ओळी वाचल्या जात होत्या.

दोष लिहिण्यात होता. मी लिहिलं होतं: नोंदवेळेवर 'डेट' फंक्शन लावा आणि ते आजच्या तारखेशी जुळतं का बघा. तलाठ्याला गट नंबर सांगितला तर तो सातबारा लगेच काढून देतो. 'ज्या गटाच्या आकड्यांची बेरीज नऊ येते तो द्या' म्हटलं, तर त्याला एकेक पान उलटून बेरीज करावी लागेल. रकान्याला फंक्शनमध्ये गुंडाळलं की डेटाबेसचं तेच होतं, इंडेक्स असून आंधळा. क्वेरी बदलून लिहिली: नोंदवेळ आजच्या मध्यरात्रीपासून पुढे आणि उद्याच्या मध्यरात्रीच्या आत. 'टाइप' बदलून 'रेंज' झाला, वाचल्या जाणाऱ्या ओळी लाखावरून साठ-सत्तरवर आल्या. मग दोनशे माणसं एकदम आली तरी जाणवेना. चार जीबीचा प्लॅन पुढच्या वर्षी पुन्हा दोनवर आणला.

अशी क्वेरी प्रोसेस लिस्टमध्ये पकडीत येत नसेल तर स्लो क्वेरी लॉग (ठरावीक वेळेपेक्षा जास्त चालणाऱ्या क्वेरींची नोंद) चालू करा. त्याची मर्यादा मुळात १० सेकंद असते. छोट्या साइटसाठी ती फार ढिली आहे, एक सेकंद ठेवा. दोन दिवस चालवा, बघा, बंद करा, नाहीतर लॉगच डिस्क खाईल. आणि दिसेल त्या रकान्यावर इंडेक्स ठोकू नका; प्रत्येक इंडेक्स लिहिताना वेळ खातो.

मेमरीचे आकडे

हा भाग स्वतःचा सर्व्हर असेल तरच. 'टू मेनी कनेक्शन्स' आलं की 'मॅक्स कनेक्शन्स' १५१ वरून ५०० करा, असा सल्ला जो तो देतो. जिनिंगपुढे कापसाच्या गाड्यांची रांग लागली म्हणून फाटक रुंद केलं, तर आत गाड्या जास्त येतील, पण काटा एकच आहे. उलट प्रत्येक कनेक्शन मेमरी खातं, मेमरी संपते आणि लिनक्स सगळ्यात जास्त मेमरी खाणाऱ्याला मारतो. तो बहुतेक मायएसक्यूएलच असतो. 'डीमेसेज' या आज्ञेने दिसणाऱ्या नोंदींमध्ये 'आउट ऑफ मेमरी' आणि पुढे 'मायएसक्यूएलडी' दिसलं तर हेच झालंय.

मी उलट पीएचपीच्या प्रोसेस कमी करतो. दोन जीबीच्या सर्व्हरवर सिस्टिम आणि मायएसक्यूएल यांचं वजा करून साधारण ९०० एमबी उरतात. माझ्याकडे एक पीएचपी प्रोसेस ६० एमबीच्या घरात जाते, म्हणून थोडी जागा राखून 'मॅक्स चिल्ड्रन' (एका वेळी चालणाऱ्या पीएचपी प्रोसेसची मर्यादा) बारा. बारा जणांचं काम लवकर होतं, तेरावा क्षणभर थांबतो, कोणी मरत नाही. 'इनोडीबी बफर पूल' (डेटा मेमरीत ठेवायची जागा) मुळात १२८ एमबी असतो. डेटाबेस त्याहून बराच मोठा असेल आणि मेमरी शिल्लक असेल तरच वाढवा. एका वेळी एकच आकडा बदला आणि जुना वहीत लिहा.

'टॉप' या आज्ञेत 'एसटी'चा आकडा सारखा वर दिसत असेल तर आपल्या वाटचा प्रोसेसर शेजारी खातोय. तिथं तुमचं काही चालत नाही, होस्टिंगवाल्याला तिकीट टाका.

इथं थांबा

'टेबल इज मार्क्ड अ‍ॅज क्रॅश्ड' आलं आणि हातात ताजा बॅकअप नाही: थांबा. मायएसक्यूएल सुरूच होत नाही आणि लॉगमध्ये इनोडीबी करप्शनचं रडगाणं आहे: थांबा, 'फोर्स रिकव्हरी'चे वरचे आकडे इंटरनेटवर वाचून लावू नका, त्यांनी उरलेला डेटाही जाऊ शकतो. अनोळखी अ‍ॅडमिन खातं दिसलं, किंवा प्रोसेस लिस्टमध्ये तुमच्या साइटशी संबंध नसलेल्या क्वेरी दिसल्या, तर तो लोड नसून घुसखोरी आहे. वधू-वर साइटवर लोकांच्या पोरीबाळींचे फोटो, फोन नंबर, पत्ते असतात. तिथं मी स्वतः प्रयोग करत नाही, साइट बंद ठेवून जाणकाराला बोलावतो. आणि वरचं सगळं करून पंधरा दिवसांत साइट पुन्हा त्याच वेळी बसली, तरीही बोलवा.

बोलावताना त्याला पाच गोष्टी द्या: वहीतल्या वेळा, साइट बसलेली असतानाचा प्रोसेस लिस्टचा स्क्रीनशॉट, स्लो लॉग, काय काय बदललं त्याची यादी आणि कालचा बॅकअप. तो बॅकअप त्याच सर्व्हरवर पडलेला नको. पासवर्ड व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका. त्याच्यासाठी वेगळं खातं उघडा आणि काम झालं की त्याच संध्याकाळी बंद करा, शक्यतो सातच्या आत.